किनाबालूच्या माथ्यावर पाहुणे म्हणून जाताना

किनाबालूला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं पाहतात. आधी पाहायची ती पानालाबानची खाट. बोर्निओ बेटाच्या उत्तरेला मलेशियाचं साबा राज्य आहे. हा 4095 मीटर उंचीचा डोंगर तिथे आहे. वाटेत सव्वातीन हजार मीटरवर, पानालाबान नावाच्या टप्प्यावर, मुक्कामाच्या मोजक्या इमारती आहेत. तिथे रात्रीची जागा मिळाली तरच माथ्याचा परवाना हाती पडतो, आणि दिवसाला दोनशेहूनही कमी माणसं वर सोडली जातात. मागणी मात्र जगभरातून असते. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या त्यातल्या त्यात कोरड्या महिन्यांत जायचं असेल तर सहा-आठ महिने आधी नोंदणी करावी, आणि ती पक्की झाल्यावरच मुंबई ते क्वालालंपूर व तिथून कोटा किनाबालू अशी तिकिटं काढावीत. साबाचं इमिग्रेशन स्वतंत्र आहे. क्वालालंपूरला शिक्का मारून घेतला असला तरी कोटा किनाबालूला पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, तो सामानात खोल ठेवू नका.

परवाना साबा पार्क्स ही सरकारी संस्था देते, खाटा खासगी कंपन्या चालवतात, आणि मधल्या सहल कंपन्या सगळं एकत्र करून विकतात. पैसे भरण्याआधी दरात काय काय धरलं आहे ते लेखी मागून घ्या: परवाना, विमा, वाटाड्याचं मानधन, उद्यानाच्या कचेरीपासून चढाईच्या दारापर्यंतची गाडी आणि जेवणं. वाटाड्या सक्तीचा आहे. त्याच्याशिवाय कुणालाही वर सोडत नाहीत आणि तसं सोडू नयेच.

एवढी तयारी कुठल्याही मोठ्या डोंगराला लागते. किनाबालूला आणखी एक तयारी लागते, आणि सहलीच्या माहितीपत्रकात ती दोन ओळींत उरकलेली असते. हा डोंगर कुणाचा आहे, हे नीट समजून घेण्याची ती तयारी.

डोंगराच्या उतारांवर आणि पायथ्याशी दुसून लोकांची गावं आहेत. बुंदू तुहान आणि कियाऊ ही त्यातली महत्त्वाची. आज आपल्याला वर नेणारे अनेक वाटाडे आणि भारवाहक अशाच गावांतले. दुसून आणि कादाझान हे साबातले मोठे आदिवासी समाज. त्यांच्या परंपरेत माणूस गेला की त्याचा आत्मा किनाबालूवर राहायला जातो. माथ्याजवळच्या उघड्या खडकावर, फटींमध्ये जे शेवाळ उगवतं, ते या पितरांचं अन्न. म्हणजे आपल्याला जी शिखरं दिसतात, ती त्यांच्या दृष्टीने आजा-पणजांची वस्ती आहे. पूर्वी दुसून वाटाडे कुणालाही वर नेण्याआधी या पितरांची परवानगी मागत. पांढऱ्या कोंबड्या, अंडी, तांदूळ, विड्याची पानं, सुपारी, चुना, तंबाखू असं साहित्य घेऊन बोबोलियान, म्हणजे त्यांचे पारंपरिक पुजारी, विधी करत. त्याला मोनोलोब म्हणतात. नाशिक-नंदुरबारकडे डोंगऱ्या देवाला मानणाऱ्यांना ही यादी अनोळखी वाटणार नाही. आपण जिथे रात्री गरम भात खाऊन झोपतो, त्या पानालाबानच्या कातळावर पूर्वी हा बळी दिला जाई. आता दर चढाईला तो होत नाही. पण वर्षातून एकदा उद्यानातर्फे आणि समाजातर्फे मोनोलोब अजूनही केला जातो.

आज बहुतेक दुसून ख्रिस्ती आहेत, काही मुस्लिम आहेत. म्हणून हे सगळं जुनं झालं, असं समजू नका. रविवारी चर्चला जाणारा वाटाड्या माथ्यावर आवाज खाली ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावा अशी त्याची अपेक्षा असते. विठ्ठलाला जाणारा माणूस गावच्या वेशीवरच्या म्हसोबालाही हात जोडतो. हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे तिथलंही समजायला जड जाऊ नये.

पहिली लिखित चढाई 1851 ची. ह्यू लो हा लाबुआनमधला ब्रिटिश अधिकारी त्या वर्षी वर गेला, तोही स्थानिक दुसून लोकांच्या पाठोपाठ. सर्वांत उंच टोकाला आज त्याचं नाव आहे, पण त्या टोकावर तो पोहोचलाच नव्हता. तिथे जॉन व्हाइटहेड हा पक्षीसंग्राहक 1888 मध्ये गेला. पुढे 1964 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2000 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं, 2023 मध्ये ग्लोबल जिओपार्कचा दर्जा मिळाला. हे सगळं चांगलंच झालं. उद्यान नसतं तर हे जंगल उरलं नसतं, असं मला वाटतं. पण याच उद्यानामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथे शिकार करणाऱ्या, वेत-औषधी गोळा करणाऱ्या गावांना आपल्याच डोंगरावर परवाना लागू लागला. अलीकडे वर्षातला एक दिवस माथ्याची वाट पर्यटकांसाठी बंद ठेवून गावकऱ्यांना पितरांच्या भेटीला जाऊ देतात. आपल्या तारखा त्या दिवसाशी भिडल्या, तर तक्रार न करता पुढच्या तारखा घ्याव्यात.

2015 सालाबद्दल इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण किनाबालूवर पाहुण्यांनी कसं वागावं हा विषय त्या वर्षापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. 30 मे रोजी काही परदेशी पर्यटकांनी माथ्याजवळ कपडे उतरवून फोटो काढले, वाटाड्याने हटकलं तरी ऐकलं नाही. 5 जूनच्या सकाळी सव्वासातच्या सुमारास 6.0 तीव्रतेचा भूकंप झाला. दरडी कोसळल्या, अठरा जण गेले. त्यात सिंगापूरच्या एका शाळेची मुलं होती आणि स्थानिक वाटाडेही होते. गाढवाच्या कानासारखं दिसणारं एक शिखर तुटलं. वर अडकलेल्या शंभराहून अधिक लोकांना वाटाड्यांनीच, घसरत्या दगडांतून, जखमींना पाठीवर घेऊन खाली आणलं. पुढे त्या पर्यटकांपैकी चौघांना न्यायालयाने तीन दिवसांची कैद आणि 5000 रिंगिट दंड केला.

अनेक दुसून लोकांनी या दोन घटना जोडून पाहिल्या, आणि परदेशी वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली. भूकंप जमिनीखालच्या प्रस्तरभंगाने होतो, फोटोने नाही, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. दुसून वडीलधाऱ्यांनाही शाळा ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: पितरांच्या घरात अपमान झाला, त्याची भरपाई झाली पाहिजे. साबामध्ये आदिवासींची स्वतःची न्यायालयं आहेत आणि तिथे सोगित नावाचा दंड असतो. दोषी माणसाने जनावर देऊन बिघडलेलं नातं सांधायचं, असा त्याचा हेतू. मला ती मागणी रास्त वाटली. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात कुणी असं वागलं असतं, तर गावाने काय म्हटलं असतं?

आता आपल्यासाठी काय? सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक सवय असते. गड सर झाला की शिवरायांच्या नावाने गर्जना होते. आपल्या गडांवर ती शोभते, कारण ते गड त्यांचे आहेत. किनाबालूच्या माथ्यावर ती मनातल्या मनात करावी. वर ओरडू नये, गाणी लावू नयेत, एकमेकांना लांबून हाका मारू नयेत. झेंडा फडकवायचा मोह होईल, तोही आवरावा. आणि एक गोष्ट जरा संकोचाने सांगतो, कारण ती वाईट हेतूने होत नाही. कळसूबाईला जसं आपण हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो, तसं तिथे करू नये. आपली भक्ती खरी असली तरी दुसऱ्याच्या पितरांना काय चालतं, हे आपण ठरवायचं नाही. हात जोडावेसे वाटले तर जोडावेत. उदबत्ती, कुंकू, तांदूळ काहीही मागे ठेवू नये.

शेवाळावर पाय देऊ नका, ते खरवडू नका. वाटेच्या कडेचं फूल, पान, गारगोटी काहीही खिशात घालू नका. उद्यानाचा नियमही तोच आहे आणि गावाचाही. दगडांवर दगड रचून मनोरे करण्याची टूम हल्ली सगळीकडे पसरली आहे, ती इथे नको. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. वाटेत कुठे विधी चाललेला दिसला तर थांबा, बाजूने जायला सांगितलं तर जा, आणि विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका. वाटाड्याला त्याच्या गावाबद्दल, घरच्यांबद्दल, भातशेतीबद्दल जरूर विचारा. पितरांबद्दल मात्र तो स्वतः बोलेपर्यंत खोदून विचारू नका. काही जण भरभरून सांगतात, काही जण गप्प राहतात. दोघांचाही मान ठेवावा.

या नियमांचा सुरक्षिततेशीही संबंध आहे. शांत राहणारा गट वाटाड्याचं ऐकतो. अंधारात, धुक्यात, ओल्या कातळावर ऐकणं हेच तुमचं कवच असतं.

शरीराच्या तयारीकडे वळू. वाट जिथे सुरू होते ते तिम्पोहोनचं दार 1866 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. तिथून माथ्यापर्यंत 2200 मीटरहून जास्त चढ आहे आणि अंतर जेमतेम पावणेनऊ किलोमीटर. बहुतेक चढण पायऱ्यांची, लाकडाच्या आणि दगडाच्या, एकीची उंची दुसरीशी न जुळणाऱ्या. वर चढताना दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना गुडघ्यांची होते. दुसऱ्या दिवशी मध्यरात्री उठून पावणेतीन किलोमीटर चढायचं आणि मग सगळीच्या सगळी वाट उतरायची. त्यामुळे निदान तीन महिने आधीपासून आठवड्याला एक मोठा चढ पायाखाली घाला. पुणेकरांना सिंहगड आहे, नाशिककरांना अंजनेरी, मुंबईकरांना माथेरानच्या आसपासच्या वाटा. पाठीवर सहा-सात किलो घेऊन चढा, आणि उतरताना धावू नका. ओझं घेऊन सावकाश उतरण्याचा सराव इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

उंचीचा त्रास सह्याद्रीत कधी होत नाही, म्हणून आपण तो हलक्यात घेतो. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. कोटा किनाबालू समुद्रकाठी आहे. सकाळी तिथून निघून दुपारी सव्वातीन हजारांवर पोहोचलं तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून आदली रात्र उद्यानाच्या कचेरीपाशी किंवा कुंदासांगला काढा. ही ठिकाणं हजार-दीड हजार मीटरच्या आसपास आहेत. बुंदू तुहान, कियाऊ अशा गावांत गावकऱ्यांनी चालवलेले घरगुती मुक्कामही मिळतात. माझं मत विचाराल तर तिथेच राहा. तुमचे पैसे थेट डोंगराच्या लोकांकडे जातात, आणि चढाईआधी त्या लोकांच्या अंगणात एक संध्याकाळ बसायला मिळते. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही उंचीची पहिली लक्षणं आहेत. ती लपवू नका. औषध घ्यायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे.

विषुववृत्ताजवळचा डोंगर म्हणून कपड्यांची हेळसांड होते. पायथ्याशी घाम, मध्ये पाऊस, माथ्यावर पहाटे शून्याच्या जवळ तापमान आणि अंगात शिरणारा वारा, असं सगळं चोवीस तासांत भेटतं. कानटोपी, पकड असलेले हातमोजे, आतून घालायचे उबदार कपडे, चांगला रेनकोट, डोक्याला बांधायची विजेरी आणि तिच्या जादा बॅटऱ्या. रात्री घालायचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून ठेवा, ते ओले झाले तर माथा विसरावा लागतो. बूट जुने, पायात मुरलेले हवेत. स्थानिक भारवाहक अनेकदा स्वस्त काळे रबरी बूट घालून चढतात आणि ओल्या दगडावर ते छान धरतात. आपल्या टाचा त्यांना सरावलेल्या नसतात, म्हणून नवीन जोड घेऊन थेट डोंगरावर घालू नका. खाण्यात चिक्की, खजूर, सुकडी, भाजलेले शेंगदाणे घ्या. शाकाहाऱ्यांना वर भात, भाज्या, अंडी मिळतात, पण स्वतःचं थोडं जवळ असलेलं बरं. वाटेतल्या निवाऱ्यांजवळ टाक्यांमध्ये पाणी असतं. ते शुद्ध केलेलं नसतं, तेव्हा त्यात टाकायच्या गोळ्या सोबत ठेवा.

पहिला दिवस सकाळी लवकर सुरू करा. दुपारी पाऊस येतो, असं गृहीतच धरा. तिम्पोहोनपासून वाट आधी थोडी उतरते, मग एक छोटा धबधबा लागतो आणि पायऱ्या सुरू होतात. दर किलोमीटरच्या आसपास छप्पर असलेला निवारा आहे. या सहा किलोमीटरला चार ते सहा तास लागतात. घाई करायचं काही कारण नाही, कारण या वाटेवर पाहण्यासारखं खूप आहे. या उद्यानात वनस्पतींच्या पाच हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. एकाच दिवसात तुम्ही ओकच्या जंगलातून शेवाळलेल्या, ढगांत बुडालेल्या रानात आणि तिथून खुरट्या, पीळ पडलेल्या झाडांमध्ये जाता. अडीच हजार मीटरच्या वर घटपर्णीवर लक्ष ठेवा. नेपेंथिस व्हिलोसा ही जात या डोंगराच्या परिसराबाहेर कुठेच सापडत नाही. तिच्या घटाच्या तोंडाला दातेरी कडा असते. तिच्या भावंडांपैकी काहींनी कीटकांखेरीज जेवणाची आणखी एक सोय शोधली आहे. खारीसारखा दिसणारा एक प्राणी, ट्री श्रू, त्यांच्या झाकणावरचा गोड रस चाटायला घटावर बसतो, बसल्या बसल्या त्याची विष्ठा घटात पडते आणि झाडाला नायट्रोजन मिळतं. याच प्राण्यांना आणि खारींना निवाऱ्यांवर बिस्किटं घालणारे पर्यटक दिसतील. तुम्ही घालू नका.

पावसाळी वाटेवर कधी हातभर लांबीची लाल जळू दिसेल. ती गांडुळं गिळते, माणसाला चावत नाही. घाबरून तिला ठेचू नये.

पाठीवर भलं मोठं ओझं, कपाळावर पट्टा आणि पायात ते रबरी बूट घालून भारवाहक तुमच्या पुढे निघून जातील. पानालाबानला तुम्ही जे खाता, ज्या गॅसवर ते शिजतं, ते सगळं माणसांच्या पाठीवरून वर आलेलं असतं. वाट अरुंद असली की डोंगराच्या बाजूला सरकून त्यांना आधी जाऊ द्या. ताटात उरवू नका. गरम पाणी जपून वापरा. तुमचं सामान भारवाहकाकडे द्यायचं असेल तर दर किलोवर असतो आणि वजन खाली काट्यावर होतं. घासाघीस करू नका. आपल्या देशातल्या दरांशी मनातल्या मनात तुलना करून तो ‘महाग’ ठरवू नका.

पानालाबानला संध्याकाळी लवकर जेवण होतं. अंधार पडायच्या आत झोपायला जा, झोप लागली नाही तरी आडवे व्हा. दीड-दोनला उठून चहा, थोडं खाणं, आणि अडीचच्या सुमारास निघणं. आधी पुन्हा पायऱ्या, मग झाडं संपतात आणि तिरका, उघडा ग्रॅनाइट लागतो. तिथे दोर बांधलेले आहेत. एका हाताने दोर धरा, पाय पूर्ण टेकवा, आणि पुढच्या माणसाने हात सोडल्यावरच तुम्ही दोराला हात घाला. 3668 मीटरवर सायात-सायातची चौकी आहे. तिथे ओळखपत्राचा बिल्ला तपासतात आणि ठरलेल्या वेळेनंतर कुणालाही पुढे सोडत नाहीत. त्यानंतर लांबलचक खडकाचं पठार. पांढरा दोर कातळावरून माथ्याकडे गेलेला असतो. धुकं आलं तर त्याला सोडू नका, कारण खडकावर पाऊलवाट नावाचं काही उमटत नाही.

हा ग्रॅनाइट 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजला आणि वर उचलला गेला. हिमयुगात यावर हिमनद्या होत्या. त्यांनीच त्याला घासून इतकं गुळगुळीत केलं आहे. जोराचा पाऊस आला की सगळं पाणी या उतारावरून ओहोळासारखं धावतं. म्हणून पाऊस असेल तर वाटाडे पानालाबानहूनच चढाई रद्द करतात. पैसे भरलेत, हजारो मैलांवरून आलोय, आता दहा मिनिटांत थांबेल, असे सगळे युक्तिवाद त्या वेळी सुचतात. ते वाटाड्याला ऐकवू नका. गटाने हे घरूनच ठरवून निघावं: वाटाड्या परत म्हणाला की परत. एकाला त्रास झाला तर सोबत कोण उतरणार, तेही आधीच ठरवा. त्यामुळे पहाटे चार वाजता, थंडीत, थकलेल्या मित्राशी वाद घालायची वेळ येत नाही.

माथा अगदी लहान आहे. पाटीपाशी फोटोसाठी रांग लागते. सहाच्या सुमारास उजाडतं. उत्तरेला लोज गली ही प्रचंड खोल घळ आहे. तिच्या काठावर जाण्याचा आग्रह धरू नका. फोटो झाला की पुढच्यांना जागा द्या आणि थोडं खाली उतरून एखाद्या कातळावर बसा. भरभरून बोलावंसं वाटेल. हळू बोला. ऊन वर आलं की निघा, वारा वाढतो आणि ढग भरून येतात.

खडकांना लावलेल्या लोखंडी तारा आणि पायऱ्यांवरून उतरण्याची वेगळी वाटही इथे पैसे भरून मिळते. साहसी लोकांना ती फार आवडते. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ती टाळावी असं माझं मत आहे. दुसरा दिवस तसाही लांब असतो, आणि थकलेल्या पायांनी कड्यावर लटकण्यात ना डोंगर दिसतो ना मजा येते.

उतरताना पानालाबानला पोटभर खा, मग काठ्या काढा. चार-पाच तास गृहीत धरा. खाली पोहोचल्यावर वाटाड्याचा निरोप नीट घ्या. वरची बक्षिसी पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या वतीने द्या. मलायमध्ये ‘तरीमा कासिह’ म्हटलं तरी पुरतं. माथ्याचं प्रमाणपत्र उद्यानाच्या कचेरीत मिळतं.

त्या दिवशी लगेच विमान पकडू नका. दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाही मांड्या भरून येतील. एक दिवस जवळच्या पोरिंगला द्या. तिथे गंधकाच्या गरम पाण्याचे हौद आहेत. पोरिंगच्या रस्त्यावर रॅफ्लेशियाचं फूल उमललं असेल तर गावकरी तशी पाटी लावतात. फूल त्यांच्या स्वतःच्या जमिनीत असतं, पाहायला शुल्क घेतात, आणि ते शुल्क मिळतं म्हणूनच ती झाडी तोडली जात नाही. कळ्या फुगायला महिनोन्‌महिने लागतात आणि फूल जेमतेम आठवडाभर टिकतं, तेव्हा दोरीच्या पलीकडे पाय ठेवू नका. परतताना कुंदासांगच्या रस्त्याकडेच्या दुकानांतून भाजी-फळं तिथल्याच बायकांकडून घ्या. मुंबईचं विमान त्याच्या पुढच्या दिवसाचं ठेवा.